आठव्या फर्म्यातलं गांडूळ

…आणि वर मलाच विचारतात, "आई, तुम्ही पुस्तकं वाचता की मोजता?" आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. आमचे जावई हो. देशभर जाणाऱ्या पेपरात दर रविवारी नव्या पुस्तकांवर अर्धं पान लिहितात, कथा-कादंबऱ्या एका बाजूला, माहितीची पुस्तकं दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध हनुवटीला बोट लावलेला यांचा फोटो, जणू त्या बोटाने आधार दिला नसता तर विचारांच्या भाराने मान खालीच आली असती. आणि सासूने पुस्तक हातात घेऊन आधी त्याची पाठ बघितली, मग तळाचे आकडे बघितले, की यांच्या कपाळाला आठ्या. म्हणे मोजता का. अहो, मोजतेच. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी चौतीस वर्षं बसून मी दुसरं केलं काय? लोक पुस्तकं निर्धास्त वाचतात, ती कोणीतरी आधी मोजून ठेवलेली असतात म्हणून. न मोजता वाचलं की काय होतं, तेच तर सांगायला इथे उभी आहे. पण त्यांना तोंडावर नाही सांगितलं. जावई माणूस, शिवाय जेवत होते. मी काही बोलले नाही.

मागचे पुढे येऊन बसा बरं, मला ओरडून बोलायची सवय नाही. तर तुम्हाला सांगते, पुस्तक काही आकाशातून पडत नाही. एका मोठ्या कागदावर दोन्ही अंगांनी मिळून सोळा पानं छापायची, तो कागद घडीवर घडी घालून पुस्तकाएवढा करायचा, त्याला म्हणायचं फर्मा. असे पंधरा-वीस फर्मे एकावर एक रचायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा, झालं पुस्तक. आता ते क्रमाने लागले की नाही, हे कसं कळणार? तर प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते. पहिल्याची वर, दुसऱ्याची त्याच्या जराशी खाली, तिसऱ्याची आणखी खाली… गठ्ठा उभा धरला की पाठीवरून जिना उतरताना दिसतो. एक जरी पायरी तुटली, तरी समजायचं, फर्मा चुकला. एवढं सोपं काम. पण एवढं सोपं काम रोज आठ तास, चौतीस वर्षं न चुकता करायला काय लागतं, ठाऊक आहे? वाचायचं नाही. हो, तपासणाऱ्याने वाचायचं नाही. डोळा एकदा ओळीवर गेला, की पायरीवरून घसरलाच. मोठ्या मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, पुस्तक ही आपल्याकडे बघायची वस्तू आहे. वाचायची हौस असेल तर घरी." घरी कुठली हौस? दिवसभर जिलबी तळणारा घरी जाऊन जिलबी खातो का? तर मी बघितली पुस्तकं. बघून झालं की शेवटच्या पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, निळ्या पेन्सिलीची तांदळाएवढी खूण करायची. म्हणजे ही प्रत बाईंच्या नजरेखालून गेली. आणि निळ्या खुणेचं पुस्तक चौतीस वर्षांत एकदाही परत आलं नाही, हे मी नाही म्हणत, माझ्या निरोपाच्या दिवशी छोटे मालक म्हणाले. छोटे म्हणजे आता साठीला आले, पण वडील मोठे मालक, म्हणून हे जन्मभर छोटेच.

तर अशा घरात, म्हणजे माझ्या मुलीच्या घरात, कारण निवृत्तीनंतर मी तिच्याकडेच राहते, गेल्या वर्षी काय झालं, की जावयांच्या पानावर संक्रांत आली. संपादकांनी बोलावून सांगितलं, "पुस्तकांचं पान कोणी वाचत नाही हो. महिनाभर बघतो. नाहीतर शब्दकोडं मोठं करतो." शब्दकोडं. मुलगी स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी लागली, "आई, पान गेलं तर यांची नोकरी जाईल गं. आणि यांना दुसरं काहीच येत नाही." म्हटलं, हे तुला लग्नाआधी… पण नाही. मी काही बोलले नाही.

आणि त्याच महिन्यात ती दोन पुस्तकं आली. दोन्हींचा बोलबाला छापून होण्याआधीपासूनच. एक कादंबरी. बाईने लिहिलेली, बाईवरची. दुसरं माहितीचं पुस्तक, गांडुळावर. हसू नका. एका प्राध्यापकांनी चाळीस वर्षं गांडुळांचा अभ्यास करून लिहिलेलं, जमीन कशी जगते वगैरे. दोन्ही जावयांकडे परीक्षणाला आली. त्यांनी कादंबरी आधी घेतली, आणि रविवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर आम्हाला छापून आलेलं परीक्षण मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांची वाचायची एक पद्धत आहे. प्रत्येक वाक्याच्या आधी डोळे मिटतात आणि नंतर आमच्याकडे बघतात, लागलं का म्हणून. "'एकशे बाराव्या पानावर,'" डोळे मिटले, "'नायिका उठते, दाराकडे जाते, दार उघडून बाहेर पाहते तर… आणि इथे कादंबरी एकाएकी जमिनीखाली उतरते.'" आमच्याकडे बघितलं. "'लेखिका माणसांना सोडून थेट गांडुळाकडे वळते. सोळा पानं नायिकेचं नाव नाही. ही अनुपस्थिती वाचकाचा थरकाप उडवते.'"

सोळा म्हटलं मात्र, माझा घास हातातच राहिला.

तुम्हाला सांगते, जगात पंधरा पानांचा योगायोग असतो, सतरा पानांचाही असतो. सोळा पानांचा योगायोग नसतो. पण हे आपले पुढे चालले, "'आणि सोळा पानांनंतर नवरा माती गिळून परत येतो आणि चहा मागतो. दाम्पत्यजीवनावर इतकं भेदक भाष्य आपल्या भाषेत झालेलं नाही.'" मुलीचे डोळे भरून आले. ते भाष्यामुळे की चहावरून, ते मला सांगता येणार नाही. मी काही बोलले नाही.

आणि मग जी आग लागली म्हणता. सोमवारी दुसऱ्या पेपरात, "या दशकातलं सर्वांत धाडसी गांडूळ". मंगळवारी तिसऱ्यात, "मातीच्या मुखातून स्त्रीचं मौन". टीव्हीवर चौकोनांत चार जण बसले आणि चौघांनी एकमेकांचं न ऐकता गांडुळावर चर्चा केली. आता यांतल्या एकाने तरी पुस्तक उघडलं असेल का? आमच्या जावयांचं परीक्षण उघडलं, त्यातलं गांडूळ उचललं, आपल्या कुंडीत सोडलं. एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा, मेंढरं तरी निदान चारा बघून जातात. आणि लोक धावले दुकानांत. कादंबरी संपली, पुन्हा छापली, पुन्हा संपली. घरी नेऊन बघतात तर गांडूळ नाही. एकशे बारा नंतर एकशे तेरा, तीच बाई, तेच दार. गांडुळाचा पत्ता नाही. कोणी पेपराला पत्र लिहिलं, माझ्या प्रतीत गांडूळ नाही, कृपया खुलासा व्हावा. त्यावर एका विद्वानाने काय उत्तर द्यावं? "गांडूळ पृष्ठभागावर शोधू नये." झालं. ज्यांना सापडलं नव्हतं ते शरमेने गप्प बसले, आणि चार दिवसांनी गप्प बसलेले सगळे म्हणू लागले की आम्हाला दुसऱ्या वाचनात सापडलं. काहींनी तर असंही उठवलं की कोणाच्या तरी दडपणाखाली प्रकाशकाने ती पानं काढून टाकली. लेखिकाबाईंची मुलाखत झाली. मुलाखतकार पुढे झुकून म्हणतो, "गांडूळ तुम्हाला कसं सुचलं?" त्या बाई क्षणभर छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी लिहिलं असं मी म्हणणार नाही. ते आलं." आता बघा, एवढ्या सगळ्या गदारोळात एकच बाई अक्षरशः खरं बोलली, आणि तिचंच लोकांनी अलंकारिक मानलं.

आणि त्या गांडुळाच्या पुस्तकाचं काय झालं, ते विचारूच नका. विचारता? मग ऐका. कुठल्याशा पेपराच्या टीकाकाराने लिहिलं, की हा शास्त्रज्ञ पुस्तकाच्या मध्यभागी अचानक स्वतःचं हृदय उघडं करतो. सोळा पानं 'ती' दारात उभी राहून कोणाची तरी वाट बघते. ही 'ती' म्हणजे पृथ्वी. बाहेर तिला काय दिसतं, हे सांगून तो वाचकांचा रसभंग करू इच्छीत नव्हता. प्राध्यापक बिचारे ब्रह्मचारी. साठी उलटलेली, घरात काचेच्या पेट्या आणि ओली माती. त्यांना लोक रस्त्यात थांबवून हळूच विचारायचे, "सर, ती परत आली का हो?"

आता तुमच्यासारख्या शहाण्यांच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या तर त्या रविवारीच आलं होतं. फक्त खात्री करायची होती. दुपारी मुलगी बाहेर, जावई कचेरीत, मी त्यांच्या टेबलावरून ती कादंबरी घेतली आणि खिडकीशी बसले. एकशे बारा. "ती उठली, दाराकडे गेली, आणि बाहेर पाहिलं तर". पान संपलं. समोरचं बघितलं. एकशे तेरा. "ओलसर काळोखात तो डोळ्यांवाचून आपली वाट काढत असतो." म्हटलं वा. तळाला आठ आकडा, म्हणजे आठवा फर्मा. गांडुळाच्या पुस्तकाचा आठवा फर्मा कादंबरीत शिवला गेलेला. प्राध्यापक गांडुळाला 'तो' म्हणतात. छापखाना एक, आकार एक, कागद एक. पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव छापायची जुनी शिस्त हल्ली गेली, त्यामुळे चोर सापडायची सोय नाही. आठव्याच्या जागी आठवाच, त्यामुळे पानांचे आकडे बरोबर आणि पाठीवरची पायरीही बरोबर. एकशे अठ्ठावीस पानाच्या शेवटी, "आपल्या वजनाइतकी माती गिळून झाली, की मग तो", आणि एकशे एकोणतीसवर, "म्हणाला, चहा ठेवतेस का?" देवाशपथ सांगते, इतकी सुंदर चूक मी जन्मात पाहिली नव्हती.

आणि खोटं का बोलू, मला आनंद झाला. नऊ वर्षं ऐकून घेतलं होतं, वाचता की मोजता. आता सांगते म्हटलं, जावईबापू, तुम्ही वाचता ना? मग सोळा पानं शत्रूची तुमच्या गोटात शिरली तरी तुम्हाला कळलं नाही, आणि वर तुम्ही त्यांना हार घातलात. कोणासमोर सांगावं, त्याचाही विचार करून झाला. मुलीची नणंद रविवारी येणार होती, तिच्यासमोर. जेवण वाढता वाढता, सहज. शब्दसुद्धा ठरवले. "जावईबापू, फर्मा म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?" मग म्हटलं, जाता जाता हे तरी बघू, की हे दिवे लावले कोणी. कुठल्या आंधळ्याने ही प्रत तपासून पुढे सोडली. शेवटचं पान उलटलं. तळाशी, कोपऱ्यात…

तांदळाएवढी. निळी.

माझी.

पाणी प्यायला घ्या कोणी. मीही घेते.

तर झालं होतं असं. छोट्या मालकांचा फोन आला होता दोनेक महिन्यांपूर्वी. तपासनीस बाई कांजिण्यांनी पडली, आणि पेपरवाल्यांकडे पाठवायच्या प्रती संध्याकाळपर्यंत निघायला हव्यात, दोन्ही पुस्तकांच्या. "बाई, एक दिवस याच." मी गेले. ताठ मानेने गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांना गेल्या गेल्या ऐकवलं, की माझ्या वेळी टेबलावर असली धूळ नव्हती. डाव्या टेबलावर कादंबरी, उजव्या टेबलावर गांडूळ. सकाळभर जिने बघितले, एक पायरी चुकली नाही. दुपारी चहा आला. आणि तुम्हाला सांगते, चौतीस वर्षांत जे झालं नाही ते त्या पाच मिनिटांत झालं. कादंबरीचा एक गठ्ठा हातात होता, अजून न शिवलेला, फर्मे सुटे. डोळा घसरला. सातव्या फर्म्याचं शेवटचं पान. "ती उठली, दाराकडे गेली, आणि बाहेर पाहिलं तर". आता बाहेर काय असेल हो? नवरा? पोलीस? कोण? माझ्याच्याने राहवेना. आठवा फर्मा अलगद ओढून काढला आणि चहाच्या कपाआड उघडणार, तेवढ्यात जिन्यावर छोट्या मालकांच्या चपलांचा आवाज. बाईंनी वाचताना सापडायचं? बाईंनी? मी घाईघाईने तो फर्मा उजवीकडच्या एका गांडुळाच्या गठ्ठ्यात सरकवला. मालक म्हणाले, "बाई, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त." खाली गेले. मी त्या गठ्ठ्यातून आठवा फर्मा ओढला, कादंबरीत घातला, पाठ बघितली, जिना सरळ, निळी खूण केली, पुढे सोडला. आणि त्या उजवीकडच्या गठ्ठ्यात आठवे दोन होते, हे… लक्षात कसं येणार? मी तर दाराबाहेर कोण आहे, याच विचारात होते.

म्हणजे बघा. देशभर जे गांडूळ वळवळत होतं, ते माझ्या हातून सुटलेलं होतं. नणंदेसमोर वाढता वाढता सांगायचे ठरवलेले शब्द मी तसेच गिळले. खोडरबर आणून ती खूण पुसायला गेले, तर पुसली जाईना. जाणार कशी? साधी पेन्सिल पुसली जाते म्हणून ही न पुसणारी मीच हट्टाने मागून घेतली होती. रविवारी नणंद आली, जेवली, गांडुळाचं कौतुक करून गेली. जावई म्हणाले, "आई, आज गप्प गप्प?" मी काही बोलले नाही. आणि या वेळी, पहिल्यांदाच, बोलायला काही नव्हतंच माझ्याकडे.

पण गप्प बसून सुटका असती तर काय हवं होतं. संपादकांनी मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरवला. सकाळी अकराची वेळ, गर्दी दारापर्यंत. व्यासपीठावर लेखिकाबाई, शेजारी गांडुळाचे प्राध्यापक, कादंबरीतल्या गांडुळाला शास्त्राचा आधार आहे का हे सांगायला, आणि मधे आमचे जावई, बोट हनुवटीला. मुलगी माझ्या शेजारी, माझा हात घट्ट धरून. "आई, आज संपादक सांगणार आहेत. पान राहणार की जाणार." आणि मी दारापर्यंतच्या रांगा मोजायला लागले. कारण एका बाजूला, जिची ती पानं नाहीत अशी लेखिका. दुसऱ्या बाजूला, ज्यांची आहेत ते प्राध्यापक. आणि मधे माझं लेकरू… म्हणजे लेकीचं. दोघांपैकी एकाने तोंड उघडलं, की जावयांचं पान, नोकरी, फोटो, सगळं जमिनीखाली. आणि त्यांच्या मागोमाग माझी चौतीस वर्षं.

जावई उठले. म्हणाले, "लेखिकेच्या तोंडून तो उतारा ऐकू या. मूळ, अखंड प्रत माझ्याकडे आहे." आणि ती प्रत, माझ्या खुणेची, बाईंच्या हातात दिली. बाईंनी उघडली. एकशे तेरा. थांबल्या. पान उलटलं, परत आल्या. मलपृष्ठ बघितलं, आपलाच फोटो आहे ना म्हणून. पाण्याचा एक घोट घेतला. मग त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. आणि काय वाचलं म्हणता. "ओलसर काळोखात तो डोळ्यांवाचून आपली वाट काढत असतो. त्याला पाठ नाही, म्हणून कोणी त्याच्या पाठीमागे बोलू शकत नाही." तिसऱ्या वाक्याला प्राध्यापक ताठ झाले. चौथ्याला त्यांचे ओठ हलायला लागले, बाईंच्या बरोबरीने, शब्दाला शब्द. मला दिसत होतं. सहाव्या वाक्याला ते उभे राहिले. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, संपलं.

प्राध्यापक ध्वनिक्षेपकाजवळ आले, आणि घसा खाकरून म्हणाले, "हे वाक्य… पुन्हा वाचाल का?"

टाळ्या. अशा टाळ्या, की लोक उभे राहिले. बाईंनी पुन्हा वाचलं. प्राध्यापक रुमालाने डोळे पुसत खाली बसले. संपादक उठून म्हणाले, अर्धं कशाला, पुस्तकांना आता पूर्ण पान. मुलगी रडली, जावयांनी बोट बदललं.

नंतर चहाच्या वेळी प्राध्यापक कोपऱ्यात एकटेच उभे होते. मी गेले. म्हटलं, आता आयुष्यात एकदा तरी खरं बोलावं. "सर, ती पानं तुमची आहेत. माझ्या हातून घोटाळा झाला."

"ठाऊक आहे," म्हणाले. "म्हणजे पानं माझी, हे ठाऊक आहे. घोटाळा कोणाचा, हे आज कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बाई, चाळीस वर्षं मी वर्गात गांडूळ शिकवलं. घंटा कधी होते, याकडे पोरांचे कान. आज पहिल्यांदा सभागृह उभं राहिलं. हे लोक माझ्यासाठी उभे राहिले नसते. गांडुळासाठी राहिले, हे काय थोडं झालं?"

म्हटलं, "आणि ती दारातली बाई? लोक तुम्हाला नको नको ते विचारतात म्हणे."

ते जरा लाजले. बशीत सांडलेला चहा कपात ओतत म्हणाले, "विचारू देत. निदान लोकांना वाटतंय, की माझ्या दारात कधी कोणी उभं होतं." मग इकडेतिकडे बघून हळूच, "तुम्ही बोलू नका हं कुठे."

झालं. आता तर वचनच दिलं. तुमच्यापुरतं मोडतेय, बाहेर बोलू नका. मी काही बोलले नाही.

पण गोष्ट इथे थांबेल तर ती आमच्या घरची कसली? प्रकाशकाकडे पत्रांचा ढीग, आम्हाला गांडूळ हवं. त्याने प्राध्यापकांना विचारलं, लेखिकाबाईंना विचारलं, दोघांनी एकमेकांकडे बघत मान डोलावली, आणि नवी आवृत्ती निघाली. 'अखंड, गांडुळासह.' कादंबरीचा जुना आठवा फर्मा काढून टाकायचा, त्या जागी प्राध्यापकांचा घालायचा. आणि छोट्या मालकांचा मला फोन. "बाई, तुम्हालाच यावं लागेल. काम नाजूक आहे. इतकी वर्षं चूक शोधलीत, आता प्रत्येक प्रतीत बरोबर तीच चूक आहे की नाही, ते बघायचं. एकसुद्धा प्रत बरोबर जाता कामा नये."

म्हणजे बघा माझं नशीब. चौतीस वर्षं चुकीची प्रत बाजूला काढली, आणि म्हातारपणी बरोबर प्रत पकडायला बसवलं. गेले. दुसरं करते काय? पाच दिवस बसले. प्रत्येक गठ्ठ्याचा आठवा फर्मा उघडायचा, गांडूळ आहे? आहे. निळी खूण. गांडूळ आहे? आहे. निळी खूण. पाचव्या दिवशी दुपारी एका गठ्ठ्यात गांडूळ नव्हतं. जुनाच आठवा फर्मा कुठूनसा मिसळला होता. अस्सल. नियमाप्रमाणे बाद. मी मालकांना म्हटलं, ही बाद प्रत मी घरी नेऊ का? ते म्हणाले, "बाई, तुम्ही आणि पुस्तक घरी?" पण दिली शिवून.

आता तुम्ही म्हणाल, दुकानातून घ्यायची होती. अहो, गांडुळाच्या नादात लोकांनी दुकानं धुऊन नेली होती, वाचनालयात माझा नंबर दोनशे अकरावा. त्यामुळे एवढं रामायण होऊनही दाराबाहेर कोण होतं, हे देशात फक्त मलाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली, खिडकीशी बसले, चष्मा पुसला, एकशे बारा. "ती उठली, दाराकडे गेली, आणि बाहेर पाहिलं तर". समोरच्या पानावर ठेवलेला हात हळूच काढला.

"कोणी नव्हतं."

एवढंच. आणि मग सोळा पानं ती नुसती दारात उभी. येत कोणी नाही, जात कोणी नाही, उजव्या पायावरचा भार डाव्या पायावर घेते एकशे विसाव्या पानावर, तीच काय ती घडामोड. आणि याच्यासाठी, ह्या 'कोणी नव्हतं'साठी, मी माझी चौतीस वर्षं मातीत घातली.

तेवढ्यात जावई आले. सासू पुस्तक मोजत नाहीये, चक्क वाचते आहे, हे बघून दारातच थबकले. शेजारी येऊन बसले. प्रेमाने विचारलं, खोटं नाही सांगत, अगदी प्रेमाने, "आई, कशी वाटली?"

आणि एवढ्या प्रकरणात, बघा, पहिल्यांदाच माझ्या तोंडून खरं मत निघून गेलं. म्हटलं, "बरी आहे. पण इथे मधे गांडूळ हवं होतं."

त्यांनी डोळे मिटले. माझ्याकडे बघितलं. बोट हनुवटीला लावलं, आणि म्हणाले, "बघा. मी तुम्हाला केव्हापासून हेच सांगतोय, पुस्तक वाचावं लागतं."

मी काही बोलले नाही.